ज्यांच्या हाती चेंडू येत नाही

आपला छंद कोणता, हे माणसाने थोडे जपूनच सांगावे. ‘वाचन’ म्हटले तर पुढे कोणी काही विचारत नाही. ‘क्रिकेट’ म्हटले तर समोरचा स्वतःचीच मते ऐकवू लागतो. पण मी ‘अमेरिकन फुटबॉल’ असे म्हटले की क्षणभर शांतता पसरते आणि मग ठरलेला प्रश्न येतो, “म्हणजे ते हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर कोसळतात, तोच ना? त्यात फुटबॉल कुठे आहे?” वर्गातल्या मैत्रिणींपासून आमच्या विभागातील सरांपर्यंत सर्वांनी मला हे विचारून झाले आहे. शंका रास्त आहे. ह्या खेळात चेंडूचा पायाशी संबंध क्वचितच येतो, आणि चेंडूही गोल नसून दोन्ही टोकांना निमुळता असतो.

तरीही २०१५ च्या फेब्रुवारीत एका सोमवारी पहाटे मामेभावाच्या संगणकावर पहिला सामना पाहिला, तेव्हापासून मी ह्या खेळाची वारी चुकवलेली नाही. तिकडची रविवारची दुपार म्हणजे आपल्याकडची रात्रीची साडेअकरा. आणि ‘सुपर बोल’ हा अंतिम सामना सुरू होतो आपल्या सोमवारच्या पहाटे पाचला. इतकी वर्षे झोपेचे खोबरे करून एखादी गोष्ट पाहिली की माणसाची मते बनतात, आणि मते बनली की ती कोणाला तरी ऐकवावीशी वाटतात. घरात ऐकणारे आता कोणी उरलेले नाही. तेव्हा ‘अंकासाठी काहीतरी दे’ असे संपादकांनी म्हणताच मी ही संधी साधली.

खेळ समजायला तसा अवघड नाही. मैदान शंभर यार्डांचे, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. ज्या संघाकडे चेंडू असेल त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही सरकला तर चेंडू प्रतिपक्षाकडे. चेंडू घेऊन पलीकडच्या पट्ट्यात पोहोचले की सहा गुण. तेवढे जमले नाही आणि लाथेने तो खांबांमधून पार केला तर तीन. थोडक्यात म्हणजे जमिनीची लढाई, आणि तीही वीतवीत जमिनीसाठी. बांधावरून भाऊबंदकी कशी चालते हे पाहिलेल्या आपल्या मंडळींना ती समजायला अडचण पडू नये. घड्याळाप्रमाणे साठ मिनिटांचा हा सामना तीन तास चालतो. २०१० मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने मोजून पाहिले, तर चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा काळ अवघा अकरा मिनिटे भरला! बाकीचा वेळ उभे राहणे, खलबते आणि जाहिराती. टीकाकार ह्याला हसतात. मला विचाराल तर खलबते हाच ह्या खेळाचा अर्धा आनंद आहे.

चाहत्यांमधला न संपणारा वाद म्हणजे श्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सूत्रधार. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे फेकायचा हे तोच ठरवतो. आपल्याकडे गावसकर की तेंडुलकर ह्यावर जशा रात्री जागतात, तशा तिकडे मोंटाना, मॅनिंग आणि ब्रेडी ह्यांच्यावरून जागतात. टॉम ब्रेडीला २००० सालच्या निवडीत १९९ वा क्रमांक मिळाला होता, म्हणजे त्याच्या आधी १९८ खेळाडू उचलले गेले. त्याने पुढे सात वेळा सुपर बोल जिंकला. २०१७ च्या फेब्रुवारीत त्याचा न्यू इंग्लंड संघ अटलांटाविरुद्ध ३–२८ असा मागे होता, तो त्याने ३४–२८ असा जिंकवून दिला. जो मोंटाना चार सुपर बोल खेळला आणि चारही जिंकला. त्या चार सामन्यांत त्याने १२२ वेळा चेंडू फेकला आणि प्रतिपक्षाला एकदाही झेलू दिला नाही. पेटन मॅनिंग पाच वेळा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. चेंडू सुटण्यापूर्वी समोरची मांडणी वाचून तो ओरडून, हातवारे करून आपला सगळा बेत ऐन वेळी बदलायचा. माझे मत एका वाक्यात सांगते : ब्रेडी श्रेष्ठ, मोंटाना सुंदर आणि मॅनिंग विद्वान. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी मला ग्रंथालयापाशी गाठावे.

चेंडू हाती घेऊन पळणाऱ्यांत मला सर्वांत प्रिय आहे तो डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स. मी त्याला जुन्या चित्रफितींतच पाहिले आहे. जेमतेम पाच फूट आठ इंचांचा हा माणूस दांडग्या गड्यांमधून पाऱ्यासारखा निसटत असे. गुण मिळवल्यावर नाचणे नाही, चेंडू जमिनीवर आपटणे नाही. तो शांतपणे चेंडू पंचांच्या हाती देई. दहा वर्षांत तो १५,२६९ यार्ड धावला. वॉल्टर पेटनचा १६,७२६ यार्डांचा विक्रम अगदी टप्प्यात आला असताना १९९९ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, त्याने आपल्या गावच्या वृत्तपत्राला एक पत्र फॅक्सने पाठवले आणि खेळ सोडला. विक्रम हाताशी असताना उठून जाणारी माणसे थोडी.

पण ह्या सगळ्या वादांत एक गोष्ट कोणी बोलत नाही. ब्रेडीला चेंडू फेकायला जे दोन-अडीच सेकंद मिळत, ते त्याला कोण देत असे?

चेंडू जमिनीवर असतो तेथे पाच दांडगे गडी ओळीने वाकून उभे असतात. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल. हे लाइनमन. एकेकाचे वजन तीनशे पौंडांच्या वर, म्हणजे १३५ ते १५० किलो. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि त्याच क्षणी समोरचे तेवढेच दांडगे गडी ह्यांच्यावर तुटून पडतात. ह्यांचे काम एकच, त्यांना अडवणे. सर्वसाधारण नियमाप्रमाणे पुढे फेकलेला चेंडू ह्या पाच जणांना झेलताही येत नाही. क्वार्टरबॅकची प्रत्येक फेक नोंदली जाते, पळणाऱ्याचा प्रत्येक यार्ड मोजला जातो. ह्यांच्या खात्यावर मांडण्यासारखा आकडाच नसतो. ह्यांचा क्रमांक ध्वनिक्षेपकावरून साऱ्या मैदानाला ऐकू येतो तो बहुधा अशाच प्रसंगी : त्यांनी प्रतिपक्षाच्या गड्याला नियमबाह्य धरून ठेवले आणि पंचांनी दंड पुकारला तर. शंभर वेळा नीट अडवले तर नाव नाही, एकदा चुकले तर लाखोंसमोर पुकारा. कबड्डीत चढाई करणाऱ्याला टाळ्या मिळतात, तशा पकड करणाऱ्यालाही मिळतात. इथे तेवढेही नाही. आपल्या घरांतून स्वयंपाक करणाऱ्या बाईची जी गत असते, तीच ह्यांची. भाजीला चव असली तर कोणी बोलत नाही, मीठ जास्त झाले की सगळे बोलतात.

जेरी क्रेमरचेच पाहा. ३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथे डॅलसविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना झाला. तपमान शून्याखाली २५ अंश सेल्सिअस. पंचांच्या शिट्ट्यासुद्धा थंडीने निकामी झाल्या. सोळा सेकंद उरले होते, ग्रीन बे १४–१७ असा मागे होता आणि पलीकडचा पट्टा अर्ध्या-पाऊण यार्डावर होता. क्वार्टरबॅक बार्ट स्टारने चेंडू कोणालाही न देता स्वतःच उडी घेतली. उजवा गार्ड क्रेमर आणि सेंटर केन बोमन ह्या दोघांनी समोरचा गडी रेटून फट पाडली होती, तिच्यातून. सामना २१–१७ असा जिंकला. स्टारला १९७७ मध्ये ह्या खेळाच्या सन्माननीयांच्या दालनात स्थान मिळाले. क्रेमरला मिळाले २०१८ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी! फट एकच, तिच्यातून गेलेल्याला दहा वर्षे लागली आणि ती पाडणाऱ्याला पन्नास.

दुसरा क्लीव्हलँडचा टॅकल जो थॉमस. २००७ पासून २०१७ पर्यंत त्याच्या संघाने चेंडू खेळलेल्या सलग १०,३६३ प्रसंगांत तो एकदाही मैदानाबाहेर गेला नाही. सामने नव्हे, प्रसंग! त्याच्या पाठीमागे क्वार्टरबॅक येत होते आणि जात होते, संघ हरत होता. बाद फेरीचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. २०१७ मध्ये दंडाचा स्नायू फाटला तेव्हाच तो बाहेर गेला, आणि त्या मोसमात क्लीव्हलँड सोळाच्या सोळा सामने हरले. हरणाऱ्या संघात दहा हजार वेळा त्याच निष्ठेने वाकून उभे राहणे मला सात सुपर बोलांपेक्षा कमी वाटत नाही.

खेळाडूंबद्दल जे मत तेच संघांबद्दलही. डॅलस काउबॉइज स्वतःला ‘अमेरिकेचा संघ’ म्हणवतात. पैशात मोजला तर तो जगातल्या सर्वांत मौल्यवान संघांपैकी एक आहे, पण १९९६ च्या जानेवारीनंतर सुपर बोल त्यांच्या वाट्याला आलेला नाही. त्याउलट ग्रीन बे. वस्ती सुमारे एक लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या मोठ्या गावाएवढी. मैदानात जागा ऐंशी हजारांवर. ह्या संघाला मालक नाही. १९२३ पासून तो लोकांनी भाग विकत घेऊन चालवला आहे आणि आज पाच लाखांवर भागधारक आहेत. भागावर लाभांश नाही आणि तो नफ्याने विकताही येत नाही. आपल्या सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला निदान सवलतीची साखर तरी मिळते. ह्यांना फक्त अभिमान मिळतो. एवढेसे गाव न्यूयॉर्क-शिकागोच्या बरोबरीने टिकले कसे? साऱ्या देशाच्या दूरचित्रवाणीचे उत्पन्न सर्व संघ सारखे वाटून घेतात, नव्या खेळाडूंच्या निवडीत सर्वांत दुबळ्या संघाला पहिला मान मिळतो आणि १९९४ पासून पगारावर कमाल मर्यादा आहे, म्हणून. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरात सर्वांत लोकप्रिय खेळ मात्र समान वाटपावर चालतो, ह्याची आमच्या अर्थशास्त्राच्या तासाला कोणीतरी दखल घ्यावी.

आणि माझा संघ? माझा संघ बफेलो. नायगारा धबधब्याजवळचे, हिवाळ्यात पुरुष-पुरुष उंचीच्या बर्फाखाली जाणारे हे शहर. १९९१ ते १९९४ असे सलग चार वर्षे बफेलोने सुपर बोल गाठला आणि चारही वेळा हरला. सलग चार वेळा तिथवर दुसरा कोणताही संघ पोहोचलेला नाही, हेही खरे. पहिल्या वेळी गुण होते १९–२०, सेकंद उरले होते आठ आणि स्कॉट नॉरवुडने ४७ यार्डांवरून मारलेला चेंडू उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. दुसऱ्या दिवशी बफेलोच्या चौकात हजारो लोक जमले. पराभूत संघाचे स्वागत करायला! आणि जमावाने नॉरवुडच्याच नावाचा घोष सुरू केला. तो ध्वनिक्षेपकापाशी आला तेव्हा त्याला बोलवत नव्हते. ही हकिगत वाचली त्या दिवशी माझा संघ ठरला. त्यानंतर २०२२ च्या जानेवारीत कॅन्सास सिटीविरुद्ध तेरा सेकंद उरले असताना तीन गुणांनी पुढे असूनही हरण्याची कामगिरी बफेलोने माझ्या डोळ्यांदेखत करून दाखवली. त्या दिवशी मी पहिल्या तासाला मुळीच लक्ष दिले नाही, हे त्या तासाच्या सरांना ठाऊक आहे.

बफेलोमुळेच मला ह्या खेळाची दुसरी बाजू डोळे उघडे ठेवून पाहावी लागली. २ जानेवारी २०२३ चा सिनसिनाटी येथील सामना. आपल्याकडे मंगळवारची सकाळ, साडेसातचा सुमार. बफेलोचा चोवीस वर्षांचा डेमार हॅमलिन ह्याने एका गड्याला अडवले. टक्कर अगदी साधी. एका सामन्यात तशा शंभर होतात. तो उठून उभा राहिला आणि दुसऱ्याच क्षणी उताणा कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. मैदानावरच छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याची धडपड चालू झाली आणि दोन्ही संघ त्याच्याभोवती गुडघे टेकून बसले. आजी चहाचा कप घेऊन आली होती. तिला ह्या खेळातले काही कळत नाही. तिने पडद्याकडे पाहिले आणि विचारले, “का गं, ही एवढाली माणसं रडतायत का?” मला उत्तर देता आले नाही. तो सामना थांबवला गेला, तो कायमचाच. पुढले दोन दिवस आजी रोज विचारी, “उठला का गं तो?” तिसऱ्या दिवशी बातमी आली की तो शुद्धीवर आला आणि बोलता येत नव्हते म्हणून त्याने लिहून विचारले, सामना आपण जिंकला का? आजी म्हणाली, “वेडाच आहे.” पण तिने देवापुढे साखर ठेवली. हॅमलिन त्याच वर्षी पुन्हा मैदानात उतरला.

हॅमलिनचे कोसळणे साऱ्या जगाने पाहिले, कारण ते एका क्षणात घडले. लाइनमनचे कोसळणे कोणाला दिसत नाही, कारण ते वीस वर्षे चालू असते.

माइक वेबस्टर हा पिट्सबर्गचा सेंटर. त्या पोलादी शहराच्या संघाने १९७० च्या दशकात चार सुपर बोल जिंकले, त्या चारही वेळा हा त्या संघात होता. कडाक्याच्या थंडीतही तो उघड्या दंडांनी खेळे. सतरा मोसम तो मधोमध वाकून उभा राहिला आणि चेंडू सुटल्यासरशी डोके समोरच्यावर आदळत राहिला. खेळ सुटल्यावर त्याची स्मृती गेली, संसार गेला, पैसा गेला. कित्येक रात्री त्याने आपल्या मोटारीत झोपून काढल्या. २००२ च्या सप्टेंबरमध्ये तो वारला, तेव्हा पन्नास वर्षांचा होता. शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू मूळचे नायजेरियाचे. त्यांना ह्या खेळात काडीचाही रस नव्हता. वरून मेंदू निरोगी दिसत होता. तरीही त्यांनी पदरचा पैसा खर्चून त्याचे सूक्ष्म छेद तपासले, आणि मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत पूर्वी आढळलेला झिजेचा विकार त्यांना तेथे दिसला. २००५ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा व्यावसायिक लीगच्या वैद्यकीय समितीच्या सदस्यांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. लीगच्या अधिकाऱ्याने खेळाचा आणि ह्या विकाराचा संबंध जाहीरपणे मान्य केला तो २०१६ मध्ये. पुढल्याच वर्षी बॉस्टनच्या संशोधकांनी ह्या लीगमधील १११ दिवंगत खेळाडूंचे मेंदू तपासले. ११० मध्ये विकार आढळला. हे मेंदू बहुधा शंका आलेल्या कुटुंबांनीच दान केलेले होते, म्हणून सर्व खेळाडूंचे प्रमाण त्यावरून काढता येत नाही. पण एकशे दहा हा आकडा आकडाच आहे.

ह्यातली ग्यानबाची मेख अशी की, नुकसान केवळ मोठ्या, डोळ्यांपुढे काजवे चमकवणाऱ्या टकरींनी होते असे नाही. छोट्या छोट्या, कोणी न मोजलेल्या धक्क्यांची बेरीज होत जाते. आणि असे धक्के सर्वांत जास्त कोणाला बसतात? चेंडू ज्यांच्या हाती कधी येत नाही त्या पाच जणांना, आणि त्यांच्यासमोर उभ्या असलेल्यांना. ज्यांचे यश कोणी मोजले नाही त्यांचे धक्केही कोणी मोजले नाहीत.

मग हा खेळ पाहावा की नाही? सॅन फ्रान्सिस्कोचा ख्रिस बोरलंड पहिलाच मोसम उत्तम खेळला आणि मार्च २०१५ मध्ये, चोविसाव्या वर्षी, मेंदूच्या काळजीने निवृत्त झाला. फिलाडेल्फियाचा सेंटर जेसन केल्सी तेरा मोसम खेळला आणि २०२४ मध्ये निवृत्त होताना लहान मुलासारखा रडला. मला दोघांचेही पटते. खेळण्याचा निर्णय ज्याचा देह त्याचा असावा. पण तो घेण्यापूर्वी किंमत त्याला सांगितलेली असावी. वेबस्टरला ती कोणी सांगितली नव्हती. आज मेंदूविकारतज्ज्ञ मैदानाशेजारी उभे असतात, २०२४ पासून हेल्मेटवर मऊ आवरण घालून सामना खेळण्याची मुभा आहे, त्याच वर्षी धावत येऊन आदळण्याचे प्रसंग कमी करणारे नियमही आले. काही जुने चाहते म्हणतात, खेळ बुळा झाला. माझे मत अगदी उलट आहे. वेबस्टरच्या मुलांना त्यांचा बाप साठ-सत्तर वर्षे मिळाला असता तर त्याचे चार सुपर बोल कमी मोलाचे ठरले नसते.

मी पाहणे सोडलेले नाही, सोडीन असेही वाटत नाही. पाहणाऱ्याच्या हाती फार काही नसते. पण कोणाकडे पाहायचे हे असते, आणि श्रेष्ठांची यादी करताना कोणाचे नाव आधी घ्यायचे हेही असते. माझ्या यादीत ब्रेडी आहे, मोंटाना आहे. पण पहिली तीन नावे थॉमस, क्रेमर आणि वेबस्टर अशी आहेत. तुमच्यापैकी कोणी एखाद्या रविवारी रात्री साडेअकराला जागे असलात, तर एक सामना लावून पाहा. नियम आले नाहीत तरी चालेल. फक्त पहिली दहा मिनिटे चेंडूकडे पाहू नका. त्या वाकून उभ्या असलेल्या पाच जणांकडे पाहा.